मुक्यांचा मळा

आमच्या आश्रमाचं खरं नाव 'विसावा'. फाटकावर तसं रंगवलेलंही होतं. पण त्र्यंबक रस्त्यावरच्या टेम्पोवाल्याला 'विसावा' सांगितलं की तो कपाळाला आठ्या घालायचा, आणि 'मुक्यांचा मळा' म्हटलं की बरोबर फाटकाशी आणून सोडायचा. सातपूरचे कारखाने संपले की उजव्या हाताला वळायचं. आता वळू नका, तिथं तसं काही राहिलेलं नाही. राहिलं असतं तर मी शरणपूरला भाचीच्या फ्लॅटमध्ये बसून समोरच्यांच्या वाळत घातलेल्या चादरी बघत हे सांगत बसले नसते.

मुके हे नाव आम्हांला शेजारच्या चिमणाबाईच्या सासऱ्याने दिलं. त्यांची फुलशेती होती, आमच्या कुंपणाला लागूनच. वर्षातला एक आठवडा आम्ही कोणीच बोलत नाही हे म्हाताऱ्याने पहिल्यांदा पाहिलं तेव्हा त्याला वाटलं, या किरिस्तावांना काहीतरी रोग झाला. त्याने सुनेच्या हाती हळदीचा काढा पाठवला होता. आम्ही तो प्यायलो, कारण नको म्हणायला तोंड उघडावं लागलं असतं.

हे मौन आमच्या भिमाजी गुरुजींनी लावलेलं. गुरुजी निफाडकडचे शाळामास्तर. बाप्तिस्मा घेतला म्हणून भावांनी लगोलग वाटणी करून दिली. ती जमीन विकून गुरुजींनी हा माळ घेतला, विहीर खणली, आंबे लावले, मातीच्या भिंतींचं प्रार्थनामंदिर उभं केलं. पुण्या-मुंबईची, नगरची मंडळी चार दिवस एकांताला, साधनेला यायची. आम्ही मात्र कायमचे राहणारे. मी आणि माझे यजमान शांतवन, आम्ही मिशनच्या दवाखान्यातली नोकरी सोडून आलो. रत्नाकर मास्तर पेटी घेऊन आले. केरू बागेचं बघायला आला आणि पुढे आमच्यातलाच झाला. कोणी पगारी नव्हतं. गुरुजींचा शब्द एवढाच होता, की इथं राहील त्याला इथून कोणी उठवणार नाही.

गुरुजींचे नियम दोनच. पहिला मौनाचा. झावळ्यांच्या रविवारी, म्हणजे ईस्टरच्या आदल्या रविवारी, संध्याकाळची उपासना झाली की घंटा व्हायची. तिथून ईस्टरच्या पहाटेपर्यंत बोलायचं नाही, चिठ्ठी लिहायची नाही, हातवारेही करायचे नाहीत. "बोटं बोलली तरी ते बोलणंच," गुरुजी म्हणत. उपासना घ्यायची आणि बाहेरच्या माणसाशी बोलायची सवलत फक्त प्रमुखाला, कारण दूधवाल्याला आणि पोस्टमनला कोणीतरी उत्तर द्यायला हवं. एका वर्षी केरूला विंचू चावला. हा बाबा हात सुजून भोपळा झाला तरी गोठ्यात गप्प बसून राहिला. गुरुजींनी ईस्टरनंतर त्याला चांगलं झापलं. "जिवावर बेतलं तर ओरडावं रे. देव काय बहिरा आहे, की विंचवाचा भाऊ आहे?" तेव्हापासून विंचवापुरती सूट मिळाली.

दुसरा नियम सभेचा. आश्रमाचा कोणताही निर्णय सगळ्या राहणाऱ्यांसमोर व्हायचा. प्रमुखाने विचारायचं, कोणाचं 'नाही' असेल तर म्हणावं. मग मनातल्या मनात 'हे आमच्या स्वर्गातील पित्या' ही प्रभूची प्रार्थना म्हणून होईल तेवढा वेळ थांबायचं. तेवढ्या वेळात एकानेही 'नाही' म्हटलं की विषय संपला. मत मोजायचं नाही, समजूत घालायची नाही आणि कारण तर अजिबात विचारायचं नाही. मात्र 'नाही' तोंडाने म्हणायचं, सगळ्यांच्या देखत, आणि सभेतच. "मागाहून कुरकुर करणाऱ्याला देवही कंटाळतो," हे गुरुजींचं वाक्य. जमिनीच्या बाबतीत तर हा नियम त्यांनी ट्रस्टच्या घटनेतच घालून ठेवला होता.

नियम कागदावरचा नव्हता, तो चालायचा. एकदा पुण्याच्या मंडळींनी गाड्या लावायला जागा हवी म्हणून विहिरीजवळचा आंबा पाडायचं ठरवलं. गुरुजी तयार, आम्ही तयार. आणि कोपऱ्यातून केरू म्हणाला, "नाय." झालं. आंबा राहिला, गाड्या रस्त्यावर राहिल्या. पुढे कितीतरी दिवसांनी कळलं, की दुपारची बिडी ओढायला केरूला ती एकच आडोशाची जागा होती. गुरुजी हसून हसून बेजार झाले, पण केरूला एका शब्दाने बोलले नाहीत.

आता शमुवेलबद्दल सांगायला हवं, आणि त्याच्याबद्दल चांगलं सांगायला माझ्या जिवावर येतं. पण खोटं कशाला बोलू? नव्वदच्या सुमाराला तो पुण्याहून धर्मशास्त्राचं शिक्षण घेऊन आला. सडपातळ, सतत घाईत, आवाज असा की रत्नाकर मास्तरांची पेटीही त्याच्यापुढं मान खाली घालायची. माझ्या यजमानांच्या शेवटच्या दुखण्यात त्यांना उचलून न्हाणीत नेणारा तोच. ते गेले तेव्हा मला सुचत नव्हतं. त्यांना शेवटची आंघोळ त्याने घातली, कपडे घातले, केस विंचरून भांग पाडला. ते भांग उजवीकडे पाडत हेही त्याच्या ध्यानात होतं. मला मूल नाही. त्या दिवसापासून मी त्याला मुलासारखा मानला, हे मी तेव्हाही सगळ्यांना सांगत होते.

गुरुजी वारल्यावर प्रमुख कोण, असा प्रश्न आला. रत्नाकर मास्तर कुरकुरले, की पोरगा उतावळा आहे. मी त्यांना समजावलं, की आपली हाडं थकली, आश्रमाला तरणं माणूस हवं. सभेत कोणी 'नाही' म्हटलं नाही. शमुवेलने सगळ्यांच्या देखत माझे पाय धरले. आपल्यात पाया पडायची रीत नाही, म्हणून मी त्याला रागावलेसुद्धा. वरवर रागावले, आतून फुलले होते.

तो प्रमुख झाला आणि पहिली काही वर्षं खरंच छान गेली. मग त्र्यंबक रस्त्याला भाव आला. सिंहस्थ जवळ आला तसा रस्ता रुंद व्हायला लागला, पाट्या लागल्या, पांढऱ्या बुटांची माणसं आमच्या कुंपणाशी उभी राहून हाताने माप घ्यायला लागली. शमुवेल त्यांना आत बोलावून चहा द्यायचा. पाहुणा आला की चहा देतात, त्यात मला काय खटकणार? चिमणाबाई मात्र म्हणाली, "ताई, तुमचा दादा लय हसून बोलतो त्या लोकांशी. आमचा माल पडून ऱ्हायला की आम्ही गिऱ्हाइकाशी असंच हसतो." मी तिला म्हटलं, तुला फुलं विकून विकून सगळीकडे बाजारच दिसतो.

एकदा शमुवेलने माझ्यापाशी विषय काढलाही. पुण्याला मोठं प्रशिक्षण केंद्र उभं करता येईल, शेकडो तरुण तयार होतील, इथं तीन म्हातारी माणसं आणि तीस आंबे. मी म्हटलं, "या तीन म्हाताऱ्यांना गुरुजींनी शब्द दिलाय. सभेत आणलंस तर मी 'नाही' म्हणेन, आत्ताच सांगून ठेवते." तो हसला. "तुमच्या 'नाही'शिवाय आश्रम कसा चालेल, ताई?" म्हणाला, आणि माझ्या हातची भाकरी मागून खाल्ली. मला वाटलं, विषय मिटला.

त्या वर्षीचा उत्तम शुक्रवार, म्हणजे गुड फ्रायडे. दुपारची उपासना शमुवेलनेच घेतली. त्याने उपदेश केला तो मौनावरच. न्यायासनापुढं उभा असताना प्रभू एक शब्द बोलला नाही, बोलला असता तर सुटलाही असता, पण गप्प राहण्यातच त्याचा विजय होता, असं त्याने इतकं सुंदर सांगितलं की रत्नाकर मास्तरांच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. माझ्याही. ते अश्रू मला आजही परत हवे आहेत.

उपासना संपली. आम्ही चटईवरून उठणार, तोच शमुवेलने हाताने बसा अशी खूण केली. खूणसुद्धा मौनात चालत नाही, पण प्रमुखाला कोण टोकणार? मागून पुण्याचे दोन विश्वस्त पुढं येऊन खुर्च्यांवर बसले. मला वाटलं होतं ते उपासनेला आले आहेत. शमुवेल म्हणाला, विश्वस्तांना सुट्टीमुळे आजच येता आलं, म्हणून सभा आत्ताच घेतो. मग त्याने वाचलं. आश्रमाची सगळी जमीन विहीर, झाडं आणि घरांसकट विकायची, त्यातून पुण्याचं केंद्र उभारायचं, राहणाऱ्यांची 'योग्य सोय' करायची. विकत घेणाऱ्याचं नावही होतं, ते मी पुन्हा तोंडाने घेणार नाही.

"कोणाचं 'नाही' असेल तर त्याने आत्ता म्हणावं," तो म्हणाला.

आणि तो थांबला. गुरुजी थांबत तसाच, डोळे मिटून. त्याचे ओठ हलत होते. तो मनात प्रभूची प्रार्थना म्हणत होता. ओठांवरून मला कळत होतं तो कुठपर्यंत आला आहे ते.

लोक मला विचारतात, बाई, एक शब्द तर म्हणायचा होता, का नाही म्हणालात? भाचीच्या शेजारणीने विचारलं, चर्चच्या पाळकांनी विचारलं, वकिलाने तर दोनदा विचारलं. मी सगळ्यांना एकच सांगते. तो शब्द मी देवाला दिलेला होता. उत्तम शुक्रवारी, प्रभू क्रुसावर असताना, माझ्या घरासाठी मी तोंड उघडायचं? शिवाय मला वाटलं, ही सभा नव्हेच. शमुवेलला आमचं मौन माहीत आहे, हे सगळं विश्वस्तांना दाखवायला चाललंय, रविवारी घंटा झाली की तो खरी सभा घेईल. ज्याने माझ्या नवऱ्याचा भांग बरोबर पाडला त्याच्याबद्दल दुसरं काय मनात येणार? यात माझी चूक शोधू नका. दोर माझा होता, मान्य आहे. फास त्याने केला.

 केरूने माझ्याकडे पाहिलं, मी गुरुजींच्या रिकाम्या जागेकडे पाहिलं. रत्नाकर मास्तर अजून उपदेशातच होते, त्यांनी डोळेही उघडले नाहीत. तेवढ्यात दारातून आवाज आला.

"नाय म्हना ना, ताई."

चिमणाबाई दारात उभी होती. ईस्टरला निशिगंध किती आणायचा हे विचारायला ती दरवर्षी त्या दिवशी शमुवेलकडे यायची. तिने सगळं ऐकलं होतं. "केरूभाऊ, तू तरी म्हन. त्या आंब्यासाठी म्हनला व्हतास ना?"

"चिमणाबाई, तुम्ही बाहेरच्या," शमुवेल शांतपणे म्हणाला. "तुमचं इथं चालत नाही."

"माझं नाय चालत, पर माझं तोंड चालतं," ती म्हणाली. "यांची तोंडं बांधलेली हायेत, हे तुमाला ठावं नाय व्हय?"

दोघांतले वयस्कर विश्वस्त जरा चुळबुळले. "शमुवेल, यांचं काही म्हणणं दिसत नाही ना?"

"असतं तर म्हणाले असते," शमुवेल म्हणाला. त्याने डोळे मिटून घेतले आणि त्याच्या ओठांनी 'आमेन' म्हटलं. विश्वस्तांनी खाली मान घालून लिहिलं, सर्वसंमतीने मंजूर. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो असा असतो. आमच्या बाबतीत तोंड दाबायला माणूसही लागला नाही.

शुक्रवारची रात्र आणि सगळा शनिवार आम्ही त्याच अंगणात एकमेकांना टाळत वावरलो. केरूने आंब्याखालची पालापाचोळ्याची जागा दिवसभर झाडली. मी चार माणसांचा स्वयंपाक केला आणि शमुवेललाही वाढलं. तो विंचू होता हे ओळखायला मला शनिवारची संध्याकाळ व्हावी लागली, आणि तेव्हाही मी स्वतःला म्हटलं, उद्या, घंटा होऊ दे.

ईस्टरच्या पहाटे घंटा झाली. शमुवेल म्हणाला, "प्रभू उठला आहे." आम्ही म्हणालो, "खरोखर उठला आहे." ते खरं होतं आणि ते त्याच्या बापाचं नव्हतं, म्हणून म्हणालो. त्यानंतरचा माझा पहिला शब्द होता, "नाही." पाठोपाठ केरूचा, "नाय." मास्तरांनीही तेच म्हटलं.

शमुवेलने माझे दोन्ही हात हातात घेतले. "ताई," तो म्हणाला, "सभा शुक्रवारी झाली. गुरुजींचाच नियम आहे ना? मागाहून नाही."

मी हात सोडवून घेतले. त्याच्या तोंडावर थुंकावंसं वाटलं, हे मी ईस्टरच्या दिवशी प्रार्थनामंदिरात उभी राहून मनात आणलं, आणि त्याची क्षमा मी अजून देवाकडे मागितलेली नाही.

पुढचं काय सांगायचं? अर्ज केले, पण अर्जात काय लिहिणार, की आम्ही बोललो नाही? पावसाळ्यानंतर घरं रिकामी झाली. मास्तर मुलाकडे नगरला गेले आणि हिवाळ्यात तिकडेच वारले. पेटीला तिथं जागा नव्हती. केरू बहिणीकडे घोटीला भाताच्या गिरणीत लागला. माझी 'योग्य सोय' म्हणजे कुठल्याशा वृद्धाश्रमातली खाट होती. भाचीने मला तिच्याकडे आणलं. मळ्यात आता लग्नाचं लॉन आहे. चिमणाबाई फुलबाजारात भेटते तेव्हा सांगते, लग्नसराईत मध्यरात्रीपर्यंत डीजे वाजतो, गायीनं दूध चोरलं.

शमुवेल पुण्याच्या केंद्राचा संचालक झाला. चार लोक त्याला साहेब म्हणतात असं ऐकते.

मौन मात्र मी सोडलं नाही. भाचीच्या घरात टीव्ही असतो, कुकर असतो, खाली पोरांचं क्रिकेट असतं, पण झावळ्यांच्या रविवारपासून मी गप्प. घर गेलं, आता हेही दिलं तर माझ्याकडे राहिलं काय? भाची बिचारी आठवडाभर माझ्या वाटचं फोनवर बोलते.

गेल्या वर्षी त्याच शुक्रवारी दुपारी दारावरची बेल वाजली. भाची उघडायला गेली आणि "सलाम, सलाम, या" असं आमच्या ख्रिस्ती रीतीनं म्हणत मागं सरकली. दारात शमुवेल होता. केस पांढरे झाले होते, पोट सुटलं होतं. हातात निशिगंधाची जुडी. तो माझ्यासमोर खुर्चीवर न बसता खाली जमिनीवर बसला.

"ताई, तुम्ही बोलणार नाही हे माहीत आहे," तो म्हणाला. "म्हणूनच आज आलो. तुम्ही बोलायला लागलात तर माझ्यानं ऐकवणार नाही."

 तो बोलत होता. रात्री झोप लागत नाही म्हणाला. केंद्र मोठं झालं, पण उपासनेत प्रभुभोजनाची भाकर घशाखाली उतरत नाही, तुमच्या मनात माझ्याबद्दल अढी असताना मी ती कशी घेऊ? आईनं माफ करावं तसं करा म्हणाला. यजमानांचं नाव काढलं. तिथं माझे डोळे भरले, ते त्याने पाहिलं. त्याचा चेहरा सैल पडला. काम होत आलं की माणसाचा चेहरा होतो तसा.

"मी काही बोलायला लावत नाही तुम्हांला," तो हलकेच म्हणाला. "तुमच्या मनात 'नाही' असेल तर म्हणा. नाहीतर मी समजून घेतो, की माफ केलंत."

आणि त्याने डोळे मिटले. त्याचे ओठ हलायला लागले.

तोच वार, तीच प्रार्थना. सवयीनंच करत असेल, मुद्दाम नसेलही. मला त्याची कीव आली, खरंच आली.  पण एकदा चावलेला विंचू दुसऱ्यांदा ओळखू येतो, आणि विंचवापुरती आम्हांला गुरुजींची सूट होती. त्याचे ओठ मी वाचत होते. प्रार्थनेतल्या क्षमेच्या ओळी मागं पडल्या, शेवट जवळ आला. तो 'आमेन'पाशी पोचायच्या आत मी म्हणाले, "नाही."

भाची स्वयंपाकघरातून धावत बाहेर आली. पंचवीस वर्षांत त्या आठवड्यात माझा आवाज कोणी ऐकला नव्हता. शमुवेलने डोळे उघडले. 'का' विचारायला त्याचं तोंड उघडलं, आणि मग त्याला आठवलं असावं, की कारण विचारायचं नसतं.  निशिगंध खुर्चीवर ठेवून तो उठला, दाराशी वाकून त्याने चपला घातल्या आणि जिना उतरून गेला.

भाची म्हणाली, "मावशी, काय झालं?" मी उत्तर दिलं नाही. रविवार उजाडायचा होता.